निंदणीत उरलेलं नागपूर

सरकारी कचेरीत एक शब्द वापरतात, निंदणीकरण. जुन्या फायली चाळायच्या, ठेवायच्या त्या ठेवायच्या आणि बाकीच्या काढून टाकायच्या, म्हणजे अभिलेखांचं निंदणीकरण. विदर्भातल्या माणसाला निंदण समजावून सांगावं लागत नाही. कपाशीच्या तासांत दिवसभर वाकून तण उपटणाऱ्या बाया त्याने लहानपणापासून पाहिलेल्या असतात. शेतात पीक कोणतं आणि तण कोणतं ते डोळ्यांना दिसतं. दप्तरात ते कुणीतरी ठरवावं लागतं, आणि ठरवणारा बहुतेक वेळा तालुक्याच्या रेकॉर्ड रूममधला एखादा कारकून असतो.

त्याला वर्ग आखून दिलेले असतात. ‘अ’ वर्गाचे कागद कायम जपायचे, ‘ब’ वर्गाचे तीस वर्षं, ‘क’चे त्याहून कमी, ‘ड’चे वर्षभर. जमिनीच्या हक्काचे कागद टिकतात आणि किरकोळ पत्रव्यवहार जातो. त्यामुळे शंभर वर्षांनी अभ्यासकाला गावाची जमीन गुंठ्यागुंठ्याने सापडते, पण त्या जमिनीवर राबणाऱ्याने कचेरीकडे काय मागणं मांडलं होतं, ते सापडेलच असं नाही.

ही रीत जुनीच आहे. रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांचं नंदिवर्धन. तिथल्या प्रभावतीगुप्ता या राणीची ओळख आपल्याला मुख्यतः ताम्रपटांमुळे आहे, आणि ते ताम्रपट जमीन दान दिल्याचे आहेत. दान मिळालेल्या घराण्याला आपला हक्क शाबीत करता यावा म्हणून ते तांबं जपलं गेलं. त्या हक्काच्या आडोशाने राणी आपल्यापर्यंत पोचली. नागपूरच्या वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे लेख संपादित करून १९६३ मध्ये प्रसिद्ध केले. ते लेख नसते, तर दीड हजार वर्षांपूर्वीचा विदर्भ जवळजवळ मुकाच राहिला असता.

भोसल्यांच्या काळात कागद सांभाळणं हा मानाचा हुद्दा होता. त्या हुद्द्याचं आडनाव झालं, आणि नागपूरच्या महाल भागातलं चिटणीस पार्क आजही तेच नाव सांगतं. पण नागपूरकर भोसल्यांचं अठरावं शतक लिहायला बसलं की बरीचशी वाट पुण्याकडून जाते. त्र्यं. शं. शेजवलकरांनी नागपूरच्या राजकारणाची पत्रं दोन खंडांत छापली, ती वाईजवळच्या मेणवलीच्या दप्तरातली, म्हणजे नाना फडणिसांच्या वाड्यातली. पुण्याच्या कारभाऱ्याला जे कळणं जरूर होतं, ते त्या रुमालांत, म्हणजे कापडात बांधलेल्या कागदांच्या गठ्ठ्यांत, आहे. फौज किती, पैका किती, भोसले कुणाशी बोलणी करताहेत, हे सगळं त्यात मिळतं. बाजारातलं, विणकरांच्या मोहल्ल्यातलं नागपूर त्यात शोधावंच लागतं. खुद्द नागपुरात लिहिलेली काशीराव गुप्त्यांची भोसल्यांची बखर आहे, पण तीही रेसिडेंट, म्हणजे दरबारातला इंग्रजांचा प्रतिनिधी, जेन्किन्स याच्या सांगण्यावरून लिहिली गेली. वाचताना प्रश्न विचारणारा कोण होता, हे विसरून चालत नाही.

रघूजी भोसल्यांच्या बंगाल मोहिमांचं उदाहरण घ्या. १७५१ च्या तहाने ओडिशा आणि सालीना बारा लाखांची चौथाई मिळाली, हे आपण अभिमानाने सांगतो. बंगालमध्ये मुलांना झोपवताना म्हणायच्या गाण्यात आजही ‘बर्गी’ येतात आणि मुलुखावर भीती पसरते. बर्गी म्हणजे आपलेच बारगीर, सरकारी घोड्यावरचे स्वार. तहाच्या कागदात ही भीती कुठेच नाही. तिथल्या आयांनी ती पावणेतीनशे वर्षं तोंडी जपली.

मला सगळ्यात जास्त खुपतं ते १८५४. तिसरे रघूजी भोसले ११ डिसेंबर १८५३ रोजी वारले. औरस मुलगा नाही, रीतसर दत्तकही नाही, असं डलहौसीच्या सरकारने धरलं आणि राज्य खालसा केलं. राजवाड्यातले दागिने, हत्ती, घोडे, बैल लिलावात विकले गेले. भोसले घराण्याचं म्हणणं वेगळं होतं. आहेरराव घराण्यातल्या यशवंतरावांना आपण दत्तक घेतलं आहे, असं ते सांगत होते. पुढे याच मुलाला, म्हणजे जानोजींना, इंग्रजांनीच राजेबहादूर हा किताब आणि साताऱ्याकडचं देऊर दिलं. राज्य मात्र परत दिलं नाही. ‘वारस नसल्यामुळे नागपूर खालसा झालं’ हे वाक्य आपण शाळेत पाठ केलं, परीक्षेत लिहिलं, मार्क मिळवले. ते वाक्य राज्य घेणाऱ्याच्या फायलीतलं आहे. ज्याचं राज्य गेलं त्याचा अर्जही कुठल्यातरी फायलीत असतो, पण त्यावर निकाल लिहिणारा तोच असतो.

तीन वर्षांनी १८५७ च्या उठावात भाग घेतल्याबद्दल नवाब कादर अली आणि त्यांच्या आठ साथीदारांना सीताबर्डीच्या किल्ल्यावर फाशी दिलं गेलं. किल्ला आज लष्कराच्या ताब्यात आहे आणि २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट या दिवशी सामान्यांसाठी उघडतो. त्या दिवशी लोक रांग लावून वर जातात आणि नऊ कबरींपुढे डोकं टेकवतात. त्यातल्या किती जणांनी त्या खटल्याचा कागद पाहिला असेल?

नागपूरच्या कागदांची खरी फाटाफूट झाली १९५६ मध्ये. १८६१ पासून हे शहर मध्य प्रांताची राजधानी होतं, पुढे वऱ्हाडही त्याला जोडला गेला, आणि १९५० नंतर ते मध्य प्रदेशाची राजधानी झालं. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि मध्य प्रदेशाची राजधानी भोपाळला हलली. जिथे सरकार, तिथे फायली. नागपुरात पुराभिलेखागार आहे, रेसिडेन्सीच्या कागदांचे निवडक खंडही छापलेले आहेत. तरी मध्य प्रांताच्या सचिवालयाचा कारभार अभ्यासायचा तर भोपाळ गाठावं लागतं, आणि पुढे दिल्ली, लंडन. नागपूरच्या विद्यार्थ्याला आपल्याच शहराचा इतिहास लिहायला परराज्यात खोली भाड्याने घ्यावी लागते, याचा त्रास वाटायला हवा.

या बदलाच्या अठरा दिवस आधी, १४ ऑक्टोबरला, डॉ. आंबेडकरांनी इथे लाखोंच्या साक्षीने धम्मदीक्षा घेतली. त्या दिवसाची आठवण सरकारी दप्तराच्या भरवशावर राहिली नाही. सोहळ्याचे एक संघटक वामनराव गोडबोले यांनी बाबासाहेबांचे कपडे, टाइपरायटर, वापरातल्या वस्तू मिळवल्या, आणि त्या नागपूरजवळ चिचोलीच्या शांतिवनात जपल्या गेल्या. कुठल्याच निंदणीच्या नियमात अंगातल्या कोटाला वर्ग नसतो.

आणि कागदावरच्या दोन शब्दांची किंमत काय असते, तेही याच शहराने पाहिलं आहे. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ अशी नोंद आहे. आपण गोवारी म्हणजे तेच, असं सांगत आलेल्या समाजाचा मोर्चा २३ नोव्हेंबर १९९४ रोजी विधिमंडळ अधिवेशनावर आला. चेंगराचेंगरीत ११४ जण गेले, त्यात बाया आणि लेकरं पुष्कळ होती. पुढे खटला चालला तो जुन्या कागदांवर. जनगणनेच्या नोंदी आणि रसेल व हिरालाल यांनी मध्य प्रांताच्या जातीजमातींवर १९१६ मध्ये लिहिलेले खंड वकिलांनी पानापानाने उलगडले. गोंड गोवारी ही वेगळी जमात १९११ च्या आधीच नामशेष झाली होती, म्हणून ती नोंद गोवारींचीच, असं उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०१८ मध्ये म्हटलं. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला.

सीताबर्डीचा उड्डाणपूल आज आदिवासी गोवारी शहीदांच्या नावाने आहे. अनुसूचित जमातीच्या पडताळणीसाठी १९५० पूर्वीचा पुरावा हवा असतो, म्हणून गावोगावची माणसं अजून कोतवाल बुकं, म्हणजे गावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या, आणि शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं शोधत फिरतात. आजोबांच्या नावापुढे कुणा गुरुजींनी बोरूने काय लिहून ठेवलं, ते वाचून दाखवायला कुणीतरी हवं असतं.