'क्रॅश'वर ब्रिटनमध्ये बंदी होती म्हणे!

डेव्हिड क्रोनेनबर्गच्या १९९६च्या 'क्रॅश'चं, म्हणजे गाड्यांच्या अपघातांतून लैंगिक उत्तेजना मिळवणाऱ्या माणसांवरच्या सिनेमाचं, नाव निघालं की कोणीतरी ठोकून देतंच, ब्रिटनमध्ये बॅन होता. नव्हता हो! डेली मेल या तिथल्या वृत्तपत्राने बंदीसाठी रान उठवलेलं हे खरं, पण तिथल्या सेन्सॉर बोर्डाने मानसतज्ज्ञाचं मत घेतलं, अपंग प्रेक्षकांना दाखवला आणि १९९७मध्ये एकही कट न देता १८चं, म्हणजे फक्त प्रौढांसाठीचं, सर्टिफिकेट दिलं. बंदी घातली ती लंडनच्या वेस्टमिन्स्टर कौन्सिलने, फक्त आपल्या हद्दीत, पण वेस्ट एंड या लंडनच्या मुख्य करमणूक-भागातली थिएटरं तिथंच, म्हणून एवढी बोंबाबोंब. बाकी पिक्चर चावट कमी आणि थंडगार जास्त आहे, पायाला स्टीलचे ब्रेसेस लावलेली गॅब्रिएल शोरूममधल्या गाडीत बसायला सेल्समनची मदत मागते तो सीन बघा, माणसांपेक्षा पत्र्याशीच सगळ्यांची जवळीक.