तालुक्याच्या दिवाणी न्यायालयातील जुना वारस दाखला: शोध, नक्कल आणि फेरफारासाठी वापर

आजोबांच्या पश्चात कोर्टातून वारस दाखला काढला होता हे घरात सर्वांना ठाऊक असते, पण तो कागद कोणाकडेच सापडत नाही. मग सातबाऱ्यावर नावे चढवण्यासाठी नव्याने अर्ज केला जातो आणि नोटिसा, जाहीर प्रकटन, साक्षीपुरावा हे सारे पुन्हा सुरू होते. नवा अर्ज करण्यापूर्वी जुने प्रकरण शोधून पाहावे, कारण बऱ्याचदा त्याची नक्कल मिळू शकते.

प्रथम आपल्याला कोणता दाखला हवा आहे ते नक्की करावे. वारस दाखला 1827 च्या मुंबई रेग्युलेशन आठनुसार मिळतो, तर बँकेतील ठेवी, शेअर्स आणि येणे रकमांसाठीचा उत्तराधिकार दाखला 1925 च्या भारतीय उत्तराधिकार कायद्यानुसार मिळतो. बँकेच्या कामासाठी काढलेला दाखला जमिनीच्या नोंदीसाठी पुढे केल्याने अनेकांचे अर्ज परत येतात. प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचे कोर्टाचे प्रमाणपत्र, मृत्युपत्रापुरते असते आणि मुंबई शहराबाहेर केलेल्या, तसेच शहराबाहेरच्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ते सक्तीचे नव्हतेच. तरीही खेड्यातील शेतजमिनीसाठी प्रोबेट आणायला सांगून वृद्ध माणसांना परत पाठवले जाते, हे संतापजनक आहे. अशा वेळी ही मागणी लेखी मागून घ्यावी.

शोधातील खरी अडचण प्रकरण क्रमांक आणि वर्ष ही आहे. या दोन गोष्टींशिवाय अभिलेख कक्षातील कर्मचारी सहसा हात लावत नाहीत. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधता येते, पण जुनी निकाली प्रकरणे तेथे बहुधा नसतात. म्हणून सुरुवात कोर्टातून न करता महसुली दप्तरातून करावी. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यावर वारसांच्या नावाजवळ वर्तुळात एक आकडा असतो, तो फेरफाराचा, म्हणजे हक्काच्या नोंदीत झालेल्या बदलाचा, क्रमांक होय. तहसीलच्या अभिलेख कक्षातून किंवा, त्या गावाचे दप्तर स्कॅन झाले असल्यास, ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावरून त्या फेरफाराची प्रत काढावी. नोंद दाखल्याच्या आधारे झाली असेल, तर न्यायालयाचे नाव, किरकोळ अर्जाचा, म्हणजे दाखल्याच्या प्रकरणाचा, क्रमांक आणि आदेशाची तारीख तिच्या मजकुरातच सापडण्याची चांगली शक्यता असते. दाखला काढून कधी वापरलाच नसेल, तर मृत्यूचे वर्ष धरून पुढच्या काही वर्षांची कोर्टाची नोंदवही तपासण्याची विनंती लेखी अर्जाने करावी.

दुसरी चूक जिल्ह्याची होते. सिंधुदुर्ग 1981 मध्ये रत्नागिरीतून, लातूर 1982 मध्ये उस्मानाबादमधून, हिंगोली 1999 मध्ये परभणीतून आणि पालघर 2014 मध्ये ठाण्यातून वेगळा झाला. त्याआधीचे निकाली प्रकरण जुन्या जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात असू शकते, त्यामुळे तालुक्याच्या कोर्टात “येथे नाही” असे ऐकून शोध सोडू नये.

क्रमांक हाती आल्यावर नक्कल विभागात कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज द्यावा. मूळ प्रकरणात अर्जदार नसलेल्या नातवाला त्रयस्थ समजले जाऊ शकते, म्हणून मयताशी असलेले नाते दाखवणारे कागद आणि नक्कल कशासाठी हवी याचे कारण सोबत जोडावे. केवळ दाखल्याची नक्कल न मागता मूळ अर्ज आणि आदेश यांच्याही प्रमाणित प्रती मागाव्यात, कारण सर्व वारसांची यादी अर्जातच पाहायला मिळते. निकाली प्रकरणांचे काही कागद मुदतीनंतर नियमाप्रमाणे नष्ट केले जातात. तसे उत्तर मिळाल्यास ते लेखी घ्यावे आणि नोंदवहीच्या उताऱ्याची प्रत मागावी. तोंडी “सापडत नाही” या उत्तरावर घरी परतू नये.

नक्कल मिळाल्यावरही अर्ज फेटाळले जातात. दाखल्यातील वारसांपैकी कोणी नंतर वारले असेल, तर त्या प्रत्येकाच्या मृत्यूचा पुरावा लागतो आणि जुन्या मृत्यूंचे दाखले बहुतेकांकडे नसतात. अशा वेळी तहसील कार्यालयातील कोतवाल बुक, म्हणजे गावातील जन्म-मृत्यूच्या जुन्या नोंदींचा गाव नमुना 14, तपासावे. नोंदच नसेल, तर वर्षाहून जुन्या मृत्यूच्या नोंदीसाठी सक्षम दंडाधिकाऱ्यांचा आदेश घ्यावा लागतो.

सर्वांत जास्त काळजी बहिणी आणि आत्यांच्या नावांबाबत घ्यावी. जुन्या अर्जात मुलींची नावे गाळलेली असली, तरी त्यामुळे त्यांचा हक्क संपत नाही. तो वारस दाखला मालकी ठरवत नाही. साध्या स्टॅम्प पेपरवर “माझी हरकत नाही” असे लिहून घेतल्याने जमिनीतील हिस्सा सुटत नाही. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते, आणि सही करणाऱ्या बहिणीला ती काय सोडते आहे ते नीट समजावून सांगितले पाहिजे.

मुदतीबाबतही गैरसमज आहेत. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम 149 प्रमाणे वारसाने तीन महिन्यांत तलाठ्याला, म्हणजे आताच्या ग्राम महसूल अधिकाऱ्याला, कळवावे लागते. मात्र ही मुदत उलटल्याने वारसाहक्क जात नाही, आणि “तुमची मुदत संपली” म्हणून अर्जच न घेणे चुकीचे आहे. अर्ज दिल्यावर पोच घ्यावी किंवा तो ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवर भरावा. नोटिशीनंतर 15 दिवस हरकतींसाठी असतात आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतात. नोंद रद्द झाल्यास उपविभागीय अधिकाऱ्यांकडे अपिलासाठी 60 दिवस असतात. नोंद रद्द करणाऱ्या आदेशाच्या नकलेसाठी लगेच अर्ज करावा, कारण नक्कल तयार होण्यास लागलेला कालावधी मुदतीतून वगळला जातो. अर्जाची आणि नक्कल तयार झाल्याची तारीख नकलेवर नोंदवलेली आहे ना, हे खिडकीवरच पाहून घ्यावे.