बॉक्स स्कोअर (पोलिश बास्केटबॉल लीग)

बास्केटबॉल सामन्यात प्रत्येक खेळाडूने आणि संघाने काय केले याची एका पानावर मावणारी आकडेवारी म्हणजे बॉक्स स्कोअर. पोलंडच्या व्यावसायिक लीगमध्ये सामना चालू असतानाच हा तक्ता लीगच्या संकेतस्थळावर भरत जातो आणि शेवटची शिटी वाजली की काही मिनिटांत पूर्ण होतो. क्रिकेटचा धावफलक वाचणाऱ्याला तो आधी ओळखीचा वाटेल, पण एक फरक आहे. धावफलकावरून डावाचा क्रम बराचसा कळतो, बॉक्स स्कोअरवरून तो जवळजवळ कळत नाही. ही हिशेबाची वही आहे, सामन्याची गोष्ट नव्हे.

पोलिश भाषेत बास्केटबॉलला ‘कोशिकुफ्का’ म्हणतात. त्यातला मूळ शब्द ‘कोश’ म्हणजे टोपली. मराठी कोशाशी त्याचे फक्त उच्चारापुरते साम्य. पोलंडमध्ये राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धा 1928 पासून होत आहेत, तर आजची व्यावसायिक लीग, म्हणजे ‘पोल्स्का लिगा कोशिकुफ्की’, 1990 च्या दशकात उभी राहिली. प्रायोजक बदलला की तिचे नाव बदलते. 2023 पासून ते ‘ऑर्लेन बास्केट लिगा’ असे आहे. सर्वाधिक 18 विजेतेपदे श्लाँस्क व्रोत्सवाफ या संघाची. 2004 ते 2012 अशी सलग नऊ वर्षे प्रोकोम संघाने, आधी सोपोतमधून व नंतर गदिन्यामधून खेळत, कोणाला जवळ येऊ दिले नाही. अलीकडे मात्र किताब फिरता आहे : 2023 मध्ये श्चेचिनचा किंग, 2024 मध्ये सोपोतचा त्रेफ्ल, 2025 मध्ये वॉर्सॉचा लेगिया.

तक्त्यात डावीकडे खेळाडूंची नावे असतात आणि सुरुवातीच्या पाच जणांवर खूण असते. पुढे मिनिटे, गुण, मग ‘दोनसाठी’, ‘तीनसाठी’ (लांबच्या रेषेपलीकडून), ‘एकसाठी’ (फाउलनंतरची मोकळी फेक, म्हणजे फ्री थ्रो) असे फेकींचे तीन रकाने. त्यांत 4/7 असे लिहिले असेल तर सात प्रयत्नांत चार बास्केट. त्यानंतर रिबाउंड, म्हणजे चुकलेल्या फेकीनंतर मिळवलेले चेंडू (आक्रमणातले व बचावातले वेगळे), असिस्ट (बास्केट घडवणारे पास), फाउल (नियमभंग), गमावलेले चेंडू, हिसकावलेले चेंडू, ब्लॉक (हवेत अडवलेल्या फेकी), आणि शेवटी दोन एकत्रित आकडे : ‘इव्हॅल’ व अधिक-उणे.

हे रकाने एकमेकांना बांधलेले असतात. 40 मिनिटांच्या सामन्यात मैदानावर सतत पाच खेळाडू असल्याने एका संघाच्या मिनिटांची बेरीज 200 यायलाच हवी. जादा वेळेचा प्रत्येक पाच मिनिटांचा भाग त्यात 25 ची भर घालतो. चेंडू हिसकावल्याची नोंद झाली, तर समोरच्या संघाच्या कोणाच्या तरी नावावर गमावलेला चेंडू असतोच. उलट मात्र खरे नाही, कारण पाय सरकला किंवा पास थेट प्रेक्षकांत गेला तरी चेंडू गमावला जातो. ब्लॉक झालेली फेक चुकलेल्या फेकींतही मोजली जाते. पण फेकताना फाउल झाला आणि बास्केट पडली नाही, तर तो प्रयत्न धरतच नाहीत, फक्त फ्री थ्रो मोजतात. एखाद्या खेळाडूने 15 गुण केले आणि फेकी अगदी थोड्या दिसल्या, तर पहिली नजर फ्री थ्रोच्या रकान्याकडे जायला हवी.

खेळाडूंच्या रिबाउंडची बेरीज संघाच्या एकूण रिबाउंडपेक्षा कमी निघते, आणि नवा वाचक इथे छपाईची चूक शोधू लागतो. चूक नसते. चुकलेल्या फेकीनंतर चेंडू कोणाच्याही हाती न लागता बाहेर गेला, तर तो रिबाउंड ‘संघाचा’ म्हणून वेगळ्या ओळीत जातो. ठरलेल्या 24 सेकंदांत फेक झाली नाही तर गमावलेला चेंडूही तसाच संघाच्या खात्यावर पडतो.

नोंद करणारी माणसे दोन प्रकारची. पंचांच्या मेजावरचा गुणलेखक अधिकृत गुणपत्रिका भरतो. तिच्यात गुण आणि फाउल असतात, आणि निकालाच्या बाबतीत तिचाच शब्द शेवटचा. आकडेवारी टिपणाऱ्यांची तुकडी वेगळी असते : एक जण खेळ पाहून मोठ्याने बोलतो, दुसरा संगणकावर कळा दाबतो. गुण, फाउल, मिनिटे यांत मताला जागा नाही. असिस्टमध्ये आहे. पास घेतल्यावर खेळाडूने बचावपटूला चकवून स्वतःच वाट काढली, तर पास देणाऱ्याला श्रेय द्यायचे का, हे क्षणात ठरवावे लागते. शिवाय ‘फीबा’ या जागतिक संघटनेच्या नियमावलीनुसार पास मिळालेल्या खेळाडूवर फेकताना फाउल झाला आणि त्याने निदान एक फ्री थ्रो साधला, तरीही असिस्ट मिळतो. अमेरिकेच्या एनबीएमध्ये तो मिळत नाही. म्हणून पोलंडच्या व्वोत्सवावेकमधले सात असिस्ट आणि बोस्टनमधले सात असिस्ट शेजारी ठेवणे धाडसाचे आहे.

‘इव्हॅल’ हा सगळ्या रकान्यांचा गाळीव अर्क. चांगल्या गोष्टींची बेरीज, त्यातून वाईट गोष्टी वजा. युरोपात याचे दोन प्रकार चालतात. समजण्यासाठी एक काल्पनिक खेळाडू घेऊ : दोनच्या फेकी 4/7, तीनच्या 1/5, फ्री थ्रो 3/4, म्हणजे 14 गुण, 9 रिबाउंड, 4 असिस्ट, 1 हिसकावलेला व 2 गमावलेले चेंडू. ‘फीबा’च्या साध्या हिशेबात 28 मधून आठ चुकलेल्या फेकी (फ्री थ्रो धरून) आणि दोन गमावलेले चेंडू वजा होऊन 18 उरतात. युरोलीग या युरोपातल्या क्लबांच्या स्पर्धेच्या पद्धतीत फाउल आणि ब्लॉक झालेल्या फेकीही मोजतात. या खेळाडूवर सात फाउल झाले, त्याने दोन केले आणि त्याची एक फेक ब्लॉक झाली असे धरले, तर आकडा 22 होतो. खेळ तोच, चार गुणांचा फरक केवळ व्याख्येचा. दोन्ही पद्धतींत उत्तम बचावाला जवळजवळ किंमत नाही : समोरच्या मुख्य नेमबाजाला चेंडूच मिळू न देणारा खेळाडू या रकान्यात गरीबच दिसतो.

ती उणीव अधिक-उणे भरून काढेल अशी आशा असते. खेळाडू मैदानावर असताना संघाने किती गुण मिळवले व दिले यातला तो फरक. संघाच्या सर्व खेळाडूंचे अधिक-उणे एकत्र केले, तर सामन्याच्या अंतराच्या पाचपट येते. 12 गुणांनी जिंकलेल्या संघाची बेरीज 60. एका सामन्यापुरता हा आकडा बेभरवशाचा, कारण त्यात सोबतच्या चौघांचे नशीबही मिसळलेले असते.

संघाच्या विभागात समोरच्याच्या चुकांतून मिळालेले गुण, बास्केटखालच्या रंगवलेल्या पट्ट्यातले गुण, राखीव खेळाडूंचे गुण, सर्वांत मोठी आघाडी अशा नोंदी असतात. पराभवाचे कारण बहुतेक वेळा इथेच सापडते.

जुने विक्रम वाचताना काळ लक्षात घ्यावा लागतो. ग्दान्स्कच्या विब्झेझे संघाचा एदवार्द युर्क्येविच याने 1970 मध्ये एका लीग सामन्यात 84 गुण केले. तेव्हा तीन गुणांची रेषाच नव्हती. ‘फीबा’ने ती 1984 मध्ये 6.25 मीटरवर आखली आणि 2010 मध्ये 6.75 मीटरवर नेली. दहा-दहा मिनिटांचे चार भाग आणि फेकीसाठी 30 ऐवजी 24 सेकंद हे बदल 2000 मधले. लीगच्या एकूण गुणांच्या यादीत पोझनानच्या लेख संघाचा एवगेनिउश कियेव्हस्की 10,185 गुणांसह पहिला, तर आदाम वुइचिक 10,087 गुणांसह दुसरा. दहा हजारांपलीकडे गेलेले हे दोघे, पण त्यांचे खेळाचे काळ वेगळे होते.

पोलिश बास्केटबॉलमधली अलीकडची सर्वांत गाजलेली ओळ लीगमधली नाही, राष्ट्रीय संघाची आहे. 14 सप्टेंबर 2022 रोजी बर्लिनमध्ये युरोबास्केट या युरोपीय राष्ट्रीय संघांच्या स्पर्धेच्या उपांत्यपूर्व सामन्यात पोलंडने गतविजेत्या स्लोव्हेनियाला 90–87 असे हरवले. झिएलोना गुराकडून लीग खेळलेल्या मातेउश पोनित्काच्या नावासमोर 26 गुण, 16 रिबाउंड आणि 10 असिस्ट, म्हणजे ट्रिपल डबल (तीन रकान्यांत दोन अंकी आकडे). स्लोव्हेनियाच्या बाजूला लुका दोन्चिचच्या ओळीत 14 गुण आहेत, आणि फाउलच्या रकान्यात 5. पाचव्या फाउलनंतर खेळाडूला बाहेर बसावे लागते.