घोटा मुरगळल्यावर तळपायाला काय कळतं?

घोटा मुरगळला की आपण बर्फ लावतो, क्रेप बँडेज बांधतो आणि सूज उतरली की कामाला लागतो. पुढे बऱ्याच जणांचा तोच घोटा वरचेवर दगा देऊ लागतो. जिना उतरताना, खडबडीत रस्त्यावर पाऊल आत वळतं. काही अभ्यासांत अशांचं प्रमाण दहात चारपर्यंत आढळलं आहे. लिगामेंट, म्हणजे सांध्याची हाडं एकमेकांना बांधून ठेवणारा पट्टा, सैल राहिलं असेल, असं म्हणून आपण सोडून देतो. पण तपासणीत सांधा घट्ट असलेल्यांचाही पाय वळतो, त्याचं काय?

ब्रिटिश अस्थिशल्यविशारद एम. ए. आर. फ्रीमन यांनी १९६५ साली यावर एक विचार मांडला. लिगामेंटमध्ये सांध्याची स्थिती मेंदूला कळवणारी मज्जातंतूंची टोकं असतात; लिगामेंट फाटलं की तीही तुटतात. त्यांनी रुग्णांना डुगडुगत्या फळीवर तोल सांभाळायला लावलं, आणि पाय वळण्याची तक्रार कमी झाली.

नंतर संशोधकांचं लक्ष तळपायाच्या त्वचेकडे गेलं. तिची तपासणी अगदी साधी असते. रुग्ण डोळे मिटून पडून राहतो. तपासणारा नायलॉनचा बारीक तंतू तळव्यावर टेकवून तो वाकेपर्यंत दाबतो. प्रत्येक तंतू ठरावीक जोरालाच वाकतो, त्यामुळे किती हलका स्पर्श कळला हे नेमकं मोजता येतं. घोटा वारंवार मुरगळणाऱ्यांना अनेकदा निरोगी माणसापेक्षा जाड तंतू लागतो.

हे गंभीर आहे, कारण शरीराचा भार पावलाच्या बाहेरच्या कडेकडे सरकतोय, ही खबर तळव्याची त्वचा देत असते. ती मिळाली, तर पोटरीच्या बाहेरच्या बाजूचे पेरोनियल स्नायू पाऊल सावरतात. पाऊल कलायला लागल्यावर या स्नायूंची प्रतिक्षिप्त क्रिया सुरू व्हायलाच साधारण ६० मिलिसेकंद किंवा जास्त लागतात. तेवढ्यात घोटा वळून गेलेला असू शकतो. म्हणून खबर लवकर आणि स्पष्ट मिळायला हवी.

आणि आपण तिच्या वाटेत बूट घालतो! मऊ, जाड सोल दाब सगळीकडे सारखा पसरवतो, त्यामुळे कुठे जास्त आणि कुठे कमी हा फरक पुसट होतो. ऑस्ट्रेलियात गॉर्डन वॉडिंग्टन आणि रॉजर ॲडम्स यांनी महिला फुटबॉलपटूंवर केलेला प्रयोग २००३ मध्ये प्रसिद्ध झाला. पायाखालचा पाट थोडा-थोडा कलवायचा आणि तो किती कलला हे खेळाडूंनी ओळखायचं. अनवाणी असताना त्यांना जितकं अचूक ओळखता आलं, तितकं मोजे-बूट घातल्यावर आलं नाही. मग बुटातला गुळगुळीत सुखतळा काढून उंचवट्यांचा खरखरीत सुखतळा घातला, तर अचूकता अनवाणी पायाइतकी झाली! मुरगळलेल्या घोट्यांवर असे सुखतळे किती उपयोगी पडतात, याबाबतचे निष्कर्ष मात्र अजून संमिश्र आहेत.

सोलची उंचीही विसरू नये. पाऊल जमिनीपासून जितकं वर, तितका ते वळवणारा जोर जास्त. म्हणून सतत घोटा मुरगळणाऱ्याने उंच, फोमने गच्च भरलेले बूट केवळ मऊ लागतात म्हणून घेऊ नयेत, असं मला ठामपणे वाटतं. रुंद तळ, घट्ट बसणारी टाच आणि फार जाड नसलेला सोल बघावा. खेळताना ब्रेसने (घोट्यावर घालायचा आधारपट्टा) किंवा टेपिंगने (चिकटपट्टी गुंडाळून दिलेला आधार) पुन्हा मुरगळण्याचा धोका कमी होतो, तो आधार जरूर घ्यावा. दुखणं उतरल्यावर फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने, भिंतीजवळ एका पायावर तोल सांभाळायचा सराव अनवाणी करावा. मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झालेल्यांनी मात्र अनवाणी काहीही करू नये. त्यांना जखम झालेलीही कळत नाही.