वडाप जीप आणि बोअरचं पाणी

मे महिन्यातल्या दुपारी तुळजापूरच्या घाटात बॉनेट उघडून उभी असलेली वडाप जीप (सीटा भरून गावोगाव चालणारी खासगी जीप) दिसली, की आत बसलेला एखादा तरी प्रवासी निदान करून टाकतो, "इंजिन गेलं." बहुतेक वेळा इंजिनाला काही झालेलं नसतं. इंजिन थंड ठेवणारं पाणी संपलेलं असतं, किंवा असूनही नीट फिरत नसतं. आमच्या घरी अशीच एक जुनी डिझेल जीप होती. इंजिन कसं चालतं हे मी तिच्यामुळे शिकलो, आणि गॅरेजमधल्या शिव्याही.

१९८०च्या दशकात महिंद्राच्या जीपमध्ये आलेलं प्यूजोचं एक्सडीपी ४.९० (९० मिलिमीटर व्यासाचे चार सिलिंडर, २,११२ सीसी) किंवा बजाज टेम्पोच्या ट्रॅक्समधलं, मर्सिडीजच्या ओएम ६१६ वर बेतलेलं इंजिन घ्या. यांत ठिणगी पाडणारा प्लग नसतो. पिस्टन हवेला विसाव्या-बाविसाव्या हिश्श्यात दाबतो आणि ती ५०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचं बूड गरम लागतं, तोच प्रकार. डिझेलला आपोआप पेटायला यापेक्षा बरंच कमी तापमान पुरतं. डिझेलचा फवारा मारणारा पंप इंजिनाच्याच जोरावर फिरतो. ना कॉम्प्युटर, ना सेन्सर. ज्या पंपाला बंद करायला नुसती ओढायची केबल असते, ते इंजिन एकदा सुरू झालं की बॅटरीवाचूनही चालत राहतं. बिघडायला मुळात जागाच कमी.

ज्या मोजक्या जागा आहेत, त्या मात्र नाजूक. टाकी कोरडी पडली की पाइपात हवा शिरते. डिझेल जवळजवळ दाबलं जात नाही, हवा स्पंजासारखी दबते; त्यामुळे सिलिंडरमध्ये फवारा सोडणारं नोझल उघडायला लागणारा, वातावरणाच्या शंभरपटीहून जास्त असलेला दाब तयारच होत नाही. मग फिल्टरवरचा बोल्ट ढिला करायचा, हातपंप मारत राहायचं आणि फेस थांबून नितळ डिझेल आलं की बोल्ट आवळायचा. यालाच 'एअर काढणं' म्हणतात. पंपाच्या आतल्या दट्ट्या आणि नळीत अंतर असतं दोन-तीन मायक्रॉनचं. माणसाचा केस सत्तरेक मायक्रॉन जाड. इतक्या फटीत पाणी किंवा कचरा शिरला तर काय होणार, ते सांगायला नको. एकेकाळी रेशनचं निळं रॉकेल डिझेलमध्ये मिसळून पैसे वाचवणारे लोक होते. रॉकेलला वंगणपणा कमी, त्यानं दट्ट्या झिजतो. वाचलेले पैसे शेवटी पंपवाल्याकडे जायचे.

शेतवाटेची धूळ एअर फिल्टरला चकवून आत गेली तर पिस्टनच्या रिंगा घासते. मग हवा नीट दबत नाही, म्हणून नीट तापत नाही, आणि थंडीतल्या सकाळी हीटर (सिलिंडर आधी तापवणारा प्लग) कितीही वेळ दिला तरी गाडी धक्का मागते. धूर निळा दिसला तर ऑइल जळतंय असं समजावं. काळा असेल तर डिझेल जास्त पडतंय, नाहीतर हवा कमी मिळतेय.

पण आपल्याकडे ही इंजिनं सर्वांत जास्त छळली ती पाण्यानं. बोअरच्या पाण्यात कॅल्शियमचे बायकार्बोनेट विरघळलेले असतात. पाणी तापलं की त्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कॅल्शियम कार्बोनेट खाली बसतं. गिझरच्या कॉइलवर दिसतो तोच पांढरा थर. साखर गरम पाण्यात जास्त विरघळते, या क्षाराचं वळण उलटं. म्हणून थर नेमका सर्वांत तापणाऱ्या जागी, सिलिंडर हेडमधल्या अरुंद वाटांत धरतो. ओतीव लोखंड या थरापेक्षा वीसपंचवीस पट चांगली उष्णता वाहतं. म्हणजे एक मिलिमीटर थर बसला, तर लोखंडाची भिंत दोन-अडीच सेंटिमीटरनं जाड केल्यासारखं. वर मीटरचा काटा पाण्याचं तापमान दाखवतो, लोखंडाचं नाही. काटा मधोमध असतानाही हेड आतून भाजत असू शकतं.

रेडिएटर (तापलेलं पाणी गार करणारी जाळी) एकदा भरला तर त्या पाण्यातले क्षार मोजकेच. रोज बाटली ओतली की रोज नवा हप्ता! कूलंटचा खर्च वाचवणारे मला समजतात. रोज पाणी का लागतंय हे न बघणारे समजत नाहीत.

गाडी गरम होते म्हटल्यावर काही मेकॅनिक थर्मोस्टॅट (पाण्याच्या तापमानानुसार उघडणारी झडप) काढून फेकतात. पुष्कळ इंजिनांत तोच थर्मोस्टॅट, पाणी तापल्यावर, रेडिएटर टाळून जाणारी आडवाट बंद करतो. तो काढला की थोडं गरम पाणी रेडिएटरला न भेटताच परत फिरतं. हिवाळ्यात इंजिन गारठलेलं आणि उन्हाळ्यात पहिल्यापेक्षा तापलेलं, असा दुहेरी तोटा.

आमच्या जीपच्या हेडचं पॅकिंग (सिलिंडरमधला वायू आणि पाणी वेगळं ठेवणारं सील) गेलं तेव्हा रेडिएटरमध्ये बुडबुडे यायला लागले होते. हेड उघडलं. पिस्टन, लायनर सगळं ठीक होतं. पाण्याच्या वाटा मात्र चुन्यानं गिलावा केल्यासारख्या पांढऱ्या, दोन तर पूर्ण बुजलेल्या. मिस्त्रींनी खालच्या होज पाइपाकडे बोट दाखवलं. त्याची क्लिप सैल होती आणि दोन उन्हाळे तिथून थेंबथेंब गळत होतं. वडील रोज सकाळी न चुकता बोअरचं पाणी भरत होते.