क्रेफिश : बाह्यरचना

गोड्या पाण्यात राहणारा, शेवंडाचा नातलग असलेला दशपाद कवचधारी प्राणी. डोके आणि वक्ष एकजीव होऊन झालेले शिरोवक्ष व त्यामागचे सहा खंडांचे उदर, असे त्याच्या शरीराचे दोन भाग ठळक दिसतात. शिरोवक्षावरच्या एकसंध कवचाला पृष्ठवर्म म्हणतात. त्याचे पुढे आलेले अणकुचीदार टोक म्हणजे तुंड. तुंडाच्या दोन्ही बाजूंना देठावर हलणारे संयुक्त डोळे असतात. पाठीवरची वक्र ग्रैव (मानेची) खाच डोके कुठे संपते ते दाखवते. बाजूंना पृष्ठवर्म सुटे असते आणि त्याच्या आड कल्ले असतात.

उपांगांच्या, म्हणजे पाय, मिशा अशा शरीराला जोडलेल्या अवयवांच्या, १९ जोड्या असतात : डोक्यावर ५, वक्षावर ८, उदरावर ६. मूळ घडण सगळ्यांची एकच, एक बुंधा आणि त्याला दोन फाटे. उदराखालच्या प्लवपादांत (पोहण्याच्या पायांत) ती सरळ दिसते, म्हणून विच्छेदन करताना उपांगे मागून पुढे सोडवत जाणे सोयीचे. चिमटा अगदी बुडाशी लावावा. मधे धरून ओढल्यास पाय तुटतो आणि त्याला जोडलेला कल्ला आतच राहतो. सर्वांत जास्त फसगत दुसऱ्या जंभिकेपाशी (तोंडाजवळच्या एका उपांगापाशी) होते. तिचे पातळ, वल्ह्यासारखे पान सतत हलून कल्ल्यांवरून पाणी पुढे खेचते, पण घाईत तेच फाटते. जंभिकांच्या पुढे कठीण जंभ (जबडे), मागे तीन जोड्या जंभपाद (तोंडाजवळचे पाय). मोठ्या शृंगिकेच्या (लांब मिशीच्या) बुंध्यावरच्या लहान उंचवट्यावर उत्सर्जन ग्रंथीचे छिद्र असते. लघुशृंगिकेच्या (आखूड मिशीच्या) बुंध्यात तोल सांभाळणारी पिशवी असते.

पायांच्या पाच जोड्यांपैकी पहिली म्हणजे मोठ्या नांग्या. दुसऱ्या-तिसऱ्या जोडीच्या टोकांनाही बारीक चिमटे असतात, हे पुष्कळदा नजरेतून सुटते, चौथी-पाचवी बिनचिमट्याची. शेपटीच्या पंख्यात मधला पुच्छखंड आणि दोन्हीकडचे पुच्छपाद येतात. गुदद्वार पुच्छखंडाच्या खालच्या बाजूला असते. धोका जाणवताच उदर झटक्याने पोटाखाली वळते आणि प्राणी मागे फेकला जातो.

नर-मादी ओळखताना जननछिद्रच पाहावे : मादीत तिसऱ्या पायाच्या बुडाशी, नरात पाचव्या. उत्तर गोलार्धातील नरांत प्लवपादांच्या पहिल्या दोन जोड्या कडक, नळीसारख्या होऊन पुढे वळलेल्या असतात. दक्षिणेकडील कुळात पहिली जोडीच नसल्याने ही खूण तिथे चालत नाही. नांग्यांच्या आकारावरून तर लिंग ठरवूच नये. तुटलेली नांगी कात टाकताना पुन्हा उगवते आणि काही काळ दुसरीपेक्षा लहान राहते.