विमानात मोर, डुक्कर, खार... हे नियम आले तरी कुठून?

अमेरिकेत ११ जानेवारी २०२१ पासून एक नियम लागू आहे, की विमानात सर्व्हिस अ‍ॅनिमल (अपंग प्रवाशाला मदत करणारा प्राणी) म्हणजे कुत्रा, बस्स, आणि तोही नीट ट्रेनिंग दिलेला. मांजर नाही, माकड नाही, मोर तर नाहीच. आता मोर चालणार नाही हे सरकारला सांगावं का लागलं असं वाटेल, पण लागलं, आणि तोपर्यंत केबिन क्रूने जे जे बघितलं ते ऐकलं की हसावं का रडावं कळत नाही.

तसं बघितलं तर आकाशात माणसाआधी जनावरंच गेली. १७८३ मध्ये फ्रान्समध्ये व्हर्सायला माँगोल्फिए बंधूंनी फुगा सोडला त्यात एक मेंढी, एक बदक आणि एक कोंबडा बसवला होता. १९०९ मध्ये इंग्लंडमध्ये मूर-ब्रॅबझन नावाच्या वैमानिकाने तर वेताच्या टोपलीत डुकराचं पिल्लू घालून विमान उडवलं, टोपलीला पाटी, "उडणारं पहिलं डुक्कर मीच". पण माझी आवडती गोष्ट १९१० ची. वॉल्टर वेलमन आणि मंडळी अटलांटिक पार करायला एअरशिपमधून, म्हणजे इंजिन लावलेल्या मोठ्या गॅसच्या फुग्यातून निघाली आणि सोबत किडो नावाचं मांजर. त्याने वर गेल्यावर असा काही धिंगाणा घातला की इंजिनिअरने वायरलेसवरून खाली मेसेज पाठवला, "रॉय, ये आणि या नालायक मांजराला घेऊन जा". उडत्या यानातून गेलेल्या अगदी सुरुवातीच्या वायरलेस मेसेजपैकी हा एक! पिशवीत घालून खालच्या बोटीत सोडायचा प्रयत्न पण झाला, समुद्र खवळलेला होता म्हणून परत वर ओढून घेतलं. शेवटी एअरशिपच पोचलं नाही, एका जहाजाने सगळ्यांना वाचवलं, मांजरासकट.

१९३० मध्ये रॉस्को टर्नर नावाचा वैमानिक सिंहाचा छावा घेऊन फिरायचा, आणि प्राणीमित्र संस्थेने आग्रह धरला म्हणून त्या छाव्यासाठी वेगळं पॅराशूट शिवून घेतलं होतं. म्हणजे जनावर आधी विमानात शिरतं आणि नियम मागून धावत येतो, हे तेव्हापासूनच चालू आहे.

आता मुख्य भानगड. १९८६ मध्ये अमेरिकेत अपंग प्रवाशांची बाजू सुप्रीम कोर्टात हरली, आधीचा भेदभावविरोधी कायदा एअरलाइन्सना लागू होत नाही असं ठरलं, मग त्याच वर्षी संसदेने एअर कॅरियर अ‍ॅक्सेस अ‍ॅक्ट आणला. आंधळ्या माणसाचा कुत्रा सोबत, फुकट, पिंजऱ्याबिंजऱ्याशिवाय, यात कोणाची तक्रार असायचं कारणच नाही. पुढे त्यात इमोशनल सपोर्ट अ‍ॅनिमल म्हणजे मानसिक आधार देणारा प्राणी पण आला, आणि २००९ पासून लागू झालेल्या नियमात डॉक्टर किंवा थेरपिस्टचं पत्र लागायला लागलं. त्याच नियमात साप, पाली-सरडे वगैरे, कोळी आणि उंदराच्या जातीतले प्राणी एअरलाइनने नाकारले तरी चालतील असं होतं, पण छोटा घोडा, डुक्कर आणि माकड यांचा "प्रत्येक वेळी वेगळा विचार करावा" असं चक्क सरकारी भाषेत लिहिलेलं होतं! गेटवर उभ्या असलेल्या बिचाऱ्या स्टाफने डुकराचा विचार करायचा.

पण खरं कारण पैसा आहे असं माझं स्पष्ट मत. तेव्हा पाळीव प्राणी म्हणून केबिनमध्ये न्यायचा तर एका बाजूचे सव्वाशे डॉलरपर्यंत द्या आणि सीटखालच्या पिशवीत कोंबा, आणि आधार देणारा म्हटलं की शून्य डॉलर आणि मांडीवर. वेबसाइटवर पैसे भरून पत्र मिळायला लागलं मग काय, रांग लागली. अमेरिकेतल्या एअरलाइन्सच्या संघटनेचाच आकडा आहे, २०१६ मध्ये असे ४ लाख ८१ हजार प्राणी, २०१७ मध्ये ७ लाख ५१ हजार.

मग किस्से सुरू. २०१४ मध्ये कनेटिकटमध्ये एक बाई डुक्कर घेऊन चढली, त्याने तिथेच घाण केली, दोघांना उतरवलं. २०१६ मध्ये डॅनियल नावाचं बदक, पायात लाल बूट आणि कॅप्टन अमेरिकाचं डायपर, आणि तो मात्र गुणी, खिडकीतून बाहेर बघत बसला. जानेवारी २०१८ मध्ये न्यूअर्कला डेक्स्टर नावाचा मोर आला, त्याच्यासाठी वेगळं तिकीट पण काढलेलं, तरी युनायटेड एअरलाइन्सने नाही म्हटलं. त्याच वर्षी ऑरलँडोला खार घेऊन बसलेली बाई उतरेना म्हणून अख्खं विमान रिकामं करावं लागलं, आणि खार उंदराच्याच गोतातली, म्हणजे नियम एअरलाइनच्याच बाजूने होता.

सगळंच हसण्यासारखं नव्हतं. २०१७ मध्ये अटलांटात एका प्रवाशाला शेजारच्या "आधार" कुत्र्याने चावून तोंडाला २८ टाके पाडले, २०१९ मध्ये एका फ्लाइट अटेंडंटच्या हाताला पाच टाके पडले. आणि मार्च २०१८ मध्ये क्रूच्या सांगण्यावरून पिशवीतलं फ्रेंच बुलडॉगचं पिल्लू सामानाच्या वरच्या कप्प्यात ठेवलं गेलं आणि ते मेलं. त्याच वर्षीच्या विमान वाहतूक कायद्यात जिवंत प्राणी वरच्या कप्प्यात ठेवायला बंदी आली. फ्लाइट अटेंडंटच्या युनियननेच मग नियम कडक करा म्हणून लावून धरलं आणि डिसेंबर २०२० मध्ये तो कुत्राच फक्त वाला नियम जाहीर झाला. मानसिक आधार देणारे प्राणी आता पाळीव, म्हणजे एअरलाइन घेत असेल तर पैसे भरा. खऱ्या गरजूंना याचा त्रास झाला हे पण खरं आहे.

आखातात वेगळीच तऱ्हा. तिथे बहिरी ससाणा केबिनमध्ये चालतो, यूएईत ससाण्याचा पासपोर्ट निघतो, आणि २०१७ मध्ये सीटवर ओळीने बसलेल्या ८० ससाण्यांचा फोटो सगळीकडे फिरला होता.

आपल्याकडे इंडिगो पाळीव प्राणी घेत नाही, एअर इंडिया आधीपासून घेते, आकासाने नोव्हेंबर २०२२ पासून सुरू केलं, पिंजऱ्यासकट ७ किलो, नंतर १०. आपल्याकडचा मोठा किस्सा सप्टेंबर २०२१ चा, एका माल्टीज कुत्र्यासाठी मालकाने एअर इंडियाच्या मुंबई-चेन्नई विमानात बिझनेस क्लासच्या बाराच्या बारा सीट बुक केल्या, अडीच लाखांच्या वर खर्च. नियमाप्रमाणे प्राणी त्या क्लासच्या शेवटच्या रांगेत बसवायचा असतो, आता अख्खा क्लासच आपला असल्यावर शेवटची काय नि पहिली काय म्हणा.